खळ्यावरचा समुद्र

धान कापायला आलं की मला समुद्राचा आवाज ऐकू येतो. आमच्या मुर्री गावापासून समुद्र किती लांब आहे, हे मी कधी मोजलं नाही. पण दिवाळी सरते, शेतातल्या बांध्यांमधलं पाणी आटतं, कापलेल्या धानाचे कडपे ओळीने उन्हात वाळत पडतात, आणि त्यांच्या त्या उबदार, किंचित गोड वासाबरोबर लाटा येतात. एक लाट. मग थोडी शांतता. मग खालून हळूच एक ठेका, दूरवर कुणीतरी सावकाश हापसा मारत असावं तसा. त्यावर एखादी बाई न कळणाऱ्या भाषेत दोन शब्द गुणगुणते आणि गप्प होते.

परवा गोंदियात कॉफीच्या एका नव्या दुकानात हेच वाजत होतं. गाद्यांच्या खुर्च्या, पिवळे दिवे, लॅपटॉप उघडून बसलेली मुलं. ऐकत कुणीच नव्हतं. ते संगीत ऐकण्यासाठी नसतंच म्हणा. ते नुसतं खोलीत असतं, उदबत्तीच्या धुरासारखं. मी कप हातात धरून बसून राहिले. काउंटरवरची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, कॉफी ठंडी हो गई. दूसरी दूँ?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

माधुरी माझी धाकटी बहीण. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घराघरांत माहीत आहे, पण ज्या घरात तो असतो त्यालाच तो खरा कळतो. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक शिरांमध्ये अडकतात आणि मग सांधे, पाठ, छाती, जिथे अडकतील तिथे दुखणं उठतं. डॉक्टरांनी आईला समजावताना म्हटलं होतं की पेशी विळ्यासारख्या होतात. आई त्या दिवसांत रोज विळा घेऊन कापणीला जायची. त्यानंतर तिने घरात तो शब्द उच्चारला नाही. "ते कापाचं दे," एवढंच म्हणायची.

थंडी ही माधुरीची वैरीण. सगळं गाव ज्या दिवसांची वाट बघायचं, धान घरात येण्याचे, मंडईच्या जत्रेचे, पाहुण्यारावळ्यांचे, त्याच दिवसांत तिचं दुखणं उठायचं. मंडईचे भोंगे एका गावात थांबले की दुसऱ्या गावात सुरू व्हायचे, दंडारीचे खेळ आणि नाटकं आणि सिनेमाची गाणी. ती उशी कानांवर दाबून पडायची. पण शांततेतही तिला राहवत नसे. शांततेत दुखणं जास्त ऐकू येतं, असं ती म्हणायची.

"ताई, काही तरी लाव ना. पण गाणं नको. शब्द नको. ढोल तं बिलकुलच नको."

मी तेव्हा गोंदियातल्या एका पॅथॉलॉजीत लॅब टेक्निशियन होते. दोन हजार पाचची कापणी असावी. दुपारच्या सुट्टीत मी बाजारात सीडीच्या दुकानांतून फिरले. प्रत्येक ठिकाणी मला बासरी दिली, नाही तर भजन. शेवटी एका गल्लीतल्या, जेमतेम दोन माणसं मावतील अशा दुकानात गेले. काउंटरमागच्या माणसाने विचारलं, "बोलिए मॅडम, क्या चाहिए?"

मी मराठीतच म्हटलं, "ज्याच्यात काहीच होत नाही असं काही आहे का?"

दुसरा कुणी हसला असता. त्याने विचार केला. मग स्टूलवर चढून वरच्या फळीवरून धूळ बसलेली एक सीडी काढली. कव्हरवर नारिंगी आभाळ, काळं झालेलं माडाचं झाड आणि खाली इंग्रजीत चिल-आउट, लाउंज असलं काहीबाही.

"हे कोणी नेत नाही," तो म्हणाला. "तुम्हाले कायले पाहिजे?"

मी सांगितलं. तो नरेश.

नरेश अर्जुनी मोरगावचा. दोन वर्षं गोव्याला समुद्राकाठच्या एका हॉटेलात काम करून आला होता आणि येताना कपड्यांपेक्षा सीड्याच जास्त घेऊन आला होता. संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळी हॉटेलवाले हे संगीत लावत. "मी ग्लास उचलून राहत होतो आन् हे वाजून राहत होतं," तो सांगायचा. "लोकं समुद्राकडं पाहत गप्प बसत. मले वाटे, एवढी मोठी मोठी माणसं, इतक्या दुरून नुसती गप्प बसाले येतात." परत आल्यावर त्याने दुकान टाकलं. खपायच्या त्या सिनेमाच्या, भीमगीतांच्या, लग्नातल्या नाचाच्या सीड्या. ही नारिंगी आभाळं मात्र फळीवरच राहिली होती.

माधुरीने ती सीडी ऐकली आणि दुसरी मागितली. मी पुन्हा दुकानात गेले. मग तिसरी. पुढे पुढे माधुरीने मागितली नाही तरी मी जाऊ लागले.

या सीड्यांवरचे गाणारे-वाजवणारे एकमेकांना ओळखतही नाहीत, हे मला त्यानेच सांगितलं. एक कुठल्या देशातला, दुसरी कुठली. त्यांनी आपापल्या जागी काही केलं आणि तिसऱ्याच कुणीतरी ते शेजारी शेजारी आणून ठेवलं. एकाचं संपतं ते कळू न देता दुसऱ्याचं सुरू होतं. मला ते फार आवडलं होतं.

घरात या सीड्यांचं कौतुक माधुरीच्या खालोखाल बाबांना. एका कव्हरवर भगवान बुद्धांचं शांत मस्तक होतं आणि शेजारी निळ्या दारूचा उंच ग्लास. बाबांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"हे बुद्धाजवळ दारू काऊन ठेवली?"

"बाबा, ते हॉटेलवाल्यांचं संगीत आहे."

"मंग बुद्धाले कायले नेलं हॉटेलात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळा कागद बरोबर ग्लासाच्या आकाराचा कापून त्यावर चिकटवला. बुद्ध राहिले, ग्लास गेला. संगीत त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. कोणी कोणावर ओरडून नाही राहिलं."

आईची तक्रार वेगळी होती. चिल म्हणजे थंड, हे तिला कुणीतरी सांगितलं. "थंडच कायले ऐकवता पोरीले?" असं म्हणून तिने सीडी लावायच्या आधी माधुरीच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकायचा नेम धरला.

त्या वर्षी दुखणं जरा उतरलं की बाबा माधुरीची बाज खळ्यावर नेऊन टाकायचे. उन्हात तिला बरं वाटायचं. भोवती धानाचे भारे, तणशीचा ढीग आणि बाजेखाली नरेशने दिलेला बॅटरीवरचा प्लेयर. कापणीला येणाऱ्या बायांमध्ये एक चंद्रभागा मावशी होती. ती भारा टेकवून कान देऊन उभी राहिली.

"हे गाणं सुरू कवा होते वो?"

"मावशी, सुरूच आहे ना."

"मंग कोणी गाऊन काऊन नाही राहिलं?"

माधुरी इतकी हसली की तिला पाठ धरावी लागली. पण दुसऱ्या दिवशी त्याच मावशीने बांधीतून हाक दिली, "पोरी, ते पाण्याचं लाव!" आणि कापलेल्या धानावर लाटा येऊ लागल्या. खळ्यावरच्या कुणीही समुद्र बघितला नव्हता. माधुरीने एकदा नरेशला विचारलं, "खरंच असा आवाज येते? आपल्या गावच्या बोडीचं पाणी तं काहीच बोलत नाही."

"याच्यापेक्षा मोठा येते. तुले नेतो ना मी. तुले आन् ताईले, दोघींले."

हे तो माधुरीशी बोलत होता, पण बघत माझ्याकडे होता. माधुरीने प्लेयरचा आवाज वाढवला आणि गोधडी डोक्यावर ओढून घेतली. ती तिची रीत होती, आम्हांला एकटं सोडायची.

आमच्या लग्नाला कुणाची ना नव्हती. समाज एक, घरं ओळखीची निघाली. त्याची आई येऊन गेली, चहा झाला. नरेश म्हणाला, "माधुरी आपल्याजवळ राहील." मी म्हटलं, "ते नंतर. आधी रक्त तपास."

मी स्वतः वाहक होते. म्हणजे मला काही त्रास नाही, पण माझ्या रक्तात ते अर्धं आहे. आईत होतं, बाबांमध्ये होतं; दोघांनाही माहीत नव्हतं, आणि दोघांकडून मिळून ते माधुरीला पूर्ण मिळालं. नरेशला मी हे सगळं समजावलं होतं. तो दुपारी लॅबमध्ये आला. सोबतच्या मुलीने सुई हातात घेतली तर म्हणाला, "नको. हिनंच काढावं."

मी त्याचा हात टेबलावर ठेवला. दंडाला पट्टी बांधली. शीर चांगली होती, एका टोचणीत मिळाली. असा उघडउघड त्याचा हात मी पहिल्यांदाच हातात धरला होता.

तपासणी साधी असते. नळीतल्या द्रावणात थोडं रक्त टाकायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर रक्त साफ. दिसेनाशा झाल्या तर नाही. मी कागद धरला. नळी गढूळ होत गेली, आणि तिच्यामागच्या रेघा एकेक करून गेल्या.

मी नवी नळी घेतली. पुन्हा केलं. मग आमच्या डॉक्टरसाहेबांना दाखवलं. त्यांनी नुसती नळी माझ्या हातात परत दिली. बाहेर बाकावर नरेश एक जुनं मासिक चाळत बसला होता. मी दारात उभी राहिले. त्याने वर पाहिलं.

"तूही," मी म्हटलं.

नागपूरहून पक्का रिपोर्ट येईपर्यंत आम्ही आशा धरली. रिपोर्टही तेच म्हणाला.

नरेश आमच्या वावरात आला होता. दुपार होती. आम्ही शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभे होतो आणि बांधीत पाखरं धानाचे सांडलेले दाणे टिपत होती.

"आपण लेकरूच नको होऊ देऊ," तो म्हणाला.

"आज म्हणून राहिला. उद्या?"

"उद्या पण म्हणीन."

तो खोटं बोलत नव्हता. पण मी त्याला त्याच्या भाच्याला खांद्यावर घेऊन बाजारभर फिरताना पाहिलं होतं. दर माणसाला थांबवून तो सांगायचा, "हा माझा भाचा." त्या चेहऱ्याला मी काय सांगणार होते?

"मंग नागपूरले तपासतात म्हणते," तो हळू म्हणाला. "पोटात असतानाच."

"आन् तसं निघालं तं?"

समोर खळ्यावर माधुरी बाजेवर उठून बसली होती. तिने आम्हांला पाहिलं आणि हात हलवला. नरेशनेही हात हलवला. मग तो खाली बघू लागला. मी नाही म्हणाले. त्याने खूप समजावलं, चिडला, पुन्हा समजावलं. मी तेवढंच म्हणत राहिले.

नकार दिल्याचं मी घरात सांगितलं, तेव्हा आई पदर डोळ्यांना लावून आत गेली, बाबा बाहेर. माधुरी मात्र समोर बसून राहिली.

"तुले माझ्यासारखी पोरगी नको. असंच ना?"

"तसं नाही, माधुरी."

"तसंच आहे. सरळ बोल ना." तिचा आवाज चढला नव्हता. "मी जगली ते एवढं खराब जगली का?"

मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते. लावत राहिले.

"मले दुखते, ताई. लय दुखते. पण दुखते म्हणून मी नसती पाहिजेन, असं मले एकदाही नाही वाटलं. आन् तुले वाटलं."

मला तिला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. दुखणं तिचं होतं, पण बाजेशेजारी बसून बघणारी मी होते. ती लहान असल्यापासून मी बघत होते. बघण्याचंही एक दुखणं असतं. ते कुठल्या नळीत गढूळ होऊन दिसत नाही. मला तिच्यासारखी मुलगी नको होती असं नाही. मला पुन्हा तसं बसायचं नव्हतं. तिच्यावर माझं जेवढं प्रेम होतं तेवढीच ती भीती होती, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या कशा, हे मला आजही येत नाही.

संक्रांतीनंतर नरेशने दुकान विकलं आणि तो रायपूरला गेला. जाण्याआधी घरी आला. आईच्या पाया पडला, बाबांच्या पडला. माधुरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बॅटरी संपल्या तं नवीन आणजो." माझ्याशी तो काही बोलला नाही. मीही नाही. दोघांच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. लोकांना वाटलं, यांचं काही फारसं नव्हतंच.

पुढची कापणी आली आणि माधुरीचं दुखणं उठलं. ती घाम फुटून पडली होती. मी पाण्याचा ग्लास धरला, पाय चेपले, गोळी दिली, आणि मग आता काय करायचं ते आम्हां दोघींनाही माहीत होतं. मी उठले. सीडी घातली. बटण दाबलं.

लाट आली. माधुरीच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. मुठी उघडल्या. ते नारिंगी आभाळ, ती न कळणारी बाई, तो हापशासारखा ठेका, सगळ्यांतून माझ्याशी एकच माणूस बोलत होता. एकाच सीडीवर तिचं दुखणं उतरत होतं आणि माझं चढत होतं. ही सीडी जगात कुणीतरी निवांत बसून ऐकायला केली होती. मी ती पाठ भिंतीला टेकून, दात आवळून ऐकली. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या.

माधुरीला ते कळलं होतं. एका दुपारी तिने डोळे न उघडता म्हटलं, "बंद कर, ताई. तुले त्रास होऊन राहिला."

"नाही होत. ऐक तू."

"होते." तिने चाचपडत माझा हात शोधला. "तू माझं बघून राहिली, मी तुझं बघून राहिली. कठीण आहे ना, बघणं?"

मी हो म्हटलं. मी जे तिला कधी सांगू शकले नव्हते, ते तिने स्वतःच शोधून काढलं होतं. संगीत चालू होतं. आम्ही दोघींनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

ती गेली तेव्हा कापणी आटोपली होती, धान घरात आलं होतं. छातीत संसर्ग झाला, आम्ही तिला नागपूरला नेलं, तिथून ती आली नाही. सव्वीस पुरं व्हायचं होतं. बाबांनी नंतर खळ्यावर बाज कधी टाकली नाही. आता तर खळंच राहिलं नाही. मशीन येतं, उभं धान गिळतं, पोती टाकून निघून जातं. मी लग्न केलं नाही. ठरवून नाही केलं असं नाही, दिवस गेले. लॅब बदलली, नळ्या बदलल्या. अजूनही एखादी जोडी तपासणीला येते, बाकावर एकमेकांना टेकून बसते, आणि कागद धरण्याआधी मी एकदा त्यांच्याकडे बघून घेते.

यंदा कापणी सुरू व्हायच्या सुमारास मी एका लग्नासाठी अर्जुनी मोरगावला गेले होते. परतताना बसस्टँडवर उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ओळखलं का?"

नरेश थोराड झाला होता. कानाजवळचे केस पांढरे. हातात गावाहून नेत असलेल्या तांदळाची पिशवी. आम्ही बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"लगन?" त्याने विचारलं.

"नाही केलं. तू?"

"केलं. टेस्ट करूनच केलं." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "दोन पोरी आहेत. दोघींचं रक्त साफ आहे."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि मला ते खरंच बरं वाटलं. इतकं की मलाच नवल वाटलं.

त्याने रायपूरच्या ट्रान्सपोर्टच्या कामाबद्दल सांगितलं. सीड्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मग तो हसून म्हणाला, "आन् आपली माधुरी काय म्हणते? लगनगिगन झालं का तिचं?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. आम्ही नाही, आणि दुसरं कोण कळवणार? इतकी वर्षं रायपूरला, त्याच्या मनात, ती होती. वयाने वाढत होती, कदाचित कुणाशी हसत होती. मला एक क्षण वाटलं, सांगू नये. म्हणावं, बरी आहे. एका तरी माणसाकडे राहू द्यावी तिला. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि मी उत्तर द्यायला जो वेळ घेतला त्यातच त्याला कळलं.

"कवा?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

त्याने तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि तो रडला. हमसून, आवाज करून, भर बसस्टँडवर. पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली. आमचं तुटलं तेव्हा त्याने एक टिपूस काढलं नव्हतं. मी त्या मधल्या जागेवर सरकले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग मीही रडू लागले.

गोंदियाची बस लागली. कंडक्टरने ओरडून गावांची नावं घेतली, लोक चढले, बस भरली. नरेशने बाहीने तोंड पुसलं.

"तुझी बस आहे," तो म्हणाला.

"जाऊ दे."

बस गेली. फलाटावरची धूळ खाली बसली.

"सांग," तो म्हणाला. "मी गेलो त्याच्यानंतरचं. सगळं सांग."

आणि मी सांगायला सुरुवात केली.